युनिक्सची भावकी आणि दादाची उधारी

जुलैत मेडशीहून पुतण्याचा फोन आला. बारावी झाली, अकोल्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागला, आता लॅपटॉप घ्यायचाय. "काका, त्यात काय टाकू? विंडोजच राहू देऊ, का लिनक्स टाकू? एक पोट्टा म्हनते मॅकच घे. कोडिंगले काय बरं राह्यते?"

प्रश्न सरळ होता. वीस-बावीस वर्षं पुण्यात हेच काम केल्यावर मला दोन वाक्यांत उत्तर देता यायला हवं होतं. पण फोन स्पीकरवर होता आणि मागून दादाचा आवाज आला, "त्याले इचार, या टायमाले काय उडवतं म्हना!"

मी "उद्या सांगतो" म्हणून फोन ठेवला. ते उद्या काही आलं नाही. म्हणून हे लिहायला बसलोय. पुतण्या हा ब्लॉग वाचतो, वहिनी वाचते, आणि दादा वाचत नाही असं म्हणतो पण वाचतो हे मला माहीत आहे.

ज्यांना मेडशी माहीत नाही त्यांच्यासाठी: अकोल्याहून वाशीमकडे निघालात की पातूर लागतं, पातूरचा घाट चढून वर आलं की मेडशी. पुढे मालेगाव (नाशिकचं नव्हे, आमचं), मग वाशीम. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला, तोवर आम्ही अकोला जिल्ह्यातच होतो आणि मनाने बरेच जण अजून तिथेच आहेत. सोयाबीन, तूर, कपाशी. दादाचं बसस्टँडजवळ कृषी केंद्र. या दुकानाचा युनिक्सशी काय संबंध, ते येईलच.

आधी 'युनिक्ससारखं' म्हणजे काय ते सांगतो. बेल लॅब्जमधे १९६९ साली केन थॉम्पसनने एका बाजूला पडलेल्या पीडीपी-७ यंत्रावर युनिक्स लिहायला घेतलं, डेनिस रिची सोबतीला होता. १९७३ मधे त्यांनी ते सी भाषेत पुन्हा लिहिलं. हे फार महत्त्वाचं, कारण तोवर ऑपरेटिंग सिस्टीम ज्या यंत्रासाठी लिहायची त्याच यंत्राबरोबर जगायची आणि मरायची. सीमधे लिहिल्यावर ती एका यंत्रावरून दुसर्‍यावर उचलून नेता येऊ लागली. एटी अँड टी कंपनीवर १९५६ च्या एका सरकारी कराराने टेलिफोनखेरीज इतर धंदा करायला बंदी होती. त्यामुळे युनिक्स बाजारात विकता येईना, म्हणून विद्यापीठांना ते नाममात्र पैशांत, तेही सोर्सकोडसकट दिलं गेलं. पोरांना आतलं सगळं वाचायला मिळालं. ऑस्ट्रेलियातल्या जॉन लायन्स नावाच्या प्राध्यापकांनी १९७६-७७ च्या सुमारास त्या कोडवर ओळीओळीची टीका लिहिली, अगदी आपल्याकडे ज्ञानेश्वरीवर लिहितात तशी. पुढे कंपनीने ती शिकवायला मनाई केली, तर तिच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स जगभर फिरल्या. पुस्तक म्हणून ती उघडपणे छापली गेली १९९६ साली! झेरॉक्सवर इंजिनिअरिंग पास झालेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट ऐकून फार आपुलकी वाटली होती.

तर हे मूळ घराणं. त्यातून बर्कलेची बीएसडी शाखा निघाली. आजच्या मॅकचा पाया त्या शाखेच्या वळणाचा, आणि २००७ मधे त्याला रीतसर युनिक्स म्हणून प्रमाणपत्रही मिळालं. लिनक्सचं मात्र रक्ताचं नातं नाही. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मधे ग्नूची घोषणा केली आणि कंपायलर, एडिटर अशी हत्यारं एकेक करून पुन्हा घडवायला घेतली. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मधे कर्नल लिहिला. दोन्ही जोडून जे झालं त्यात मूळ युनिक्सचा कोड नाही, पण कुळाचार सगळे तेच. म्हणून मी याला 'युनिक्सची भावकी' म्हणतो. भावकी म्हटली की भांडणं आलीच. ऐंशीच्या दशकात प्रत्येक कंपनीचं युनिक्स वेगळं, एकावरचा प्रोग्राम दुसर्‍यावर चालेल याची खात्री नाही. १९८८ मधे पॉसिक्स नावाचा मानक ठरवून त्यावर तोडगा काढला गेला. आमच्याकडच्या लोकांना हे एका दमात कळेल. अकोला-पूर्णा लाइन मीटर गेज होती आणि मुंबई-नागपूर ब्रॉड गेज. वाशीमचा माल अकोल्याला आला की हमालांनी एका वाघिणीतून काढून दुसरीत टाकायचा. २००८ मधे ती लाइन ब्रॉड गेज झाली तेव्हा ती कटकट संपली. पॉसिक्स म्हणजे हे गेज ठरवणं. डबे कुणाचेही असोत, रुळांमधलं अंतर सारखं.

आणि यातली कामाची पद्धत? ती अकोल्यातल्या डाळ मिलची. चाळणी फक्त चाळते, पुढचं यंत्र फक्त टरफल काढतं, त्याच्या पुढचं फक्त दाणा फोडतं, आणि एकातून पडलेला माल थेट दुसर्‍यात. युनिक्समधे १९७३ च्या सुमारास डग मॅक्इलरॉयच्या आग्रहाने 'पाइप' आले ते हेच. एक छोटा प्रोग्राम शोधतो, दुसरा क्रम लावतो, तिसरा मोजतो, आणि तुम्ही ते जसे पाहिजेत तसे एकापुढे एक मांडता. अख्खी मिल कुणी एका यंत्रात कोंबत नाही. माझ्या मते प्रोग्रामर माणसाला युनिक्स आवडायचं मुख्य कारण हे आहे, बाकी सगळी नंतर सुचलेली कारणं.

आता हे सगळं भारतात कसं पोचलं? याची एक गंमत आहे. १९७८ मधे आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला. मग इथल्या कंपन्यांनी स्वतः यंत्रं जुळवायला सुरुवात केली. प्रत्येकाने स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायची तर आयुष्य गेलं असतं. युनिक्स सीमधलं, नव्या यंत्रावर नेता येण्यासारखं. ते नेता नेता इथल्या बर्‍याच लोकांचा हात त्यावर बसला. तिकडे मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून निघालेल्या आणि १९८५ पासून एनसीएसटी म्हणून स्वतंत्र झालेल्या केंद्राने १९८६ च्या अर्नेट प्रकल्पात आयआयटीसारख्या संस्थांबरोबर ईमेलचं जाळं उभं करायला घेतलं. सुरुवातीला यंत्रं टेलिफोनवरून एकमेकांना डायल करून टपाल टाकायची, युनिक्समधल्या यूयूसीपी नावाच्या सोयीने. म्हणजे आपल्याकडे इंटरनेट शहाण्या माणसांच्या घरात शिरलं ते युनिक्सच्या दारातून. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य लोकांना इंटरनेट खुलं केलं तेव्हा स्वस्तातलं जे खातं मिळायचं ते 'शेल अकाउंट' होतं. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, चित्र नाही. कितीतरी पोरांनी युनिक्सची पहिली आज्ञा अशी नकळत टाइप केली.

आणि बँका. रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा. त्यानंतर शाखाशाखांतून संगणक आले, आणि नव्वदीत त्यातल्या कितीतरी ठिकाणी पेटीत एक युनिक्स आणि काउंटरवर चार-सहा मुके टर्मिनल असा थाट असायचा. आमचे एक मामा अकोल्याला बँकेत होते. एकदा सुट्टीत त्यांच्या शाखेत गेलो तर पडद्यावर एकच शब्द लुकलुकत होता, 'लॉगिन', आणि पुढे दोन टिंबं. मामा म्हणाले, "हात लावू नको, युनिक्स आहे!" 'विजेची तार आहे' म्हणावं तसं. माझी आणि युनिक्सची पहिली भेट ही. (त्यातलं बरंचसं एससीओचं होतं, आणि एससीओच्या मुळाशी होतं झेनिक्स, जे १९८० मधे बाजारात आणलं होतं साक्षात मायक्रोसॉफ्टने. भावकी म्हणतो ते उगीच नाही.)

कॉलेजात मात्र युनिक्सचा वारा नाही. आमच्या वेळी सी शिकायचं म्हणजे नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' घ्यायचं आणि डॉसवर टर्बो सी उघडायचं. कानेटकर आमच्या विदर्भाचे, त्यामुळे अभिमानही होता. त्यांनी युनिक्स शेल प्रोग्रामिंगवरही पुस्तक लिहिलं होतं, तेही दुकानात शेजारीच दिसायचं. पण ते घेऊन करणार काय? लॅबमधे युनिक्स कुठे होतं? म्हणजे बघा, पुस्तक नागपूरहून मेडशीपर्यंत यायला तयार होतं, पण ते चालवायला यंत्र नव्हतं. आपण वातावरण 'निवडलं' असं मोठ्या तोंडाने सांगतो. माझ्या पिढीने निवडलं वगैरे काही नाही. जे एसटीने आलं ते वापरलं.

याचा हिशेब पुण्यात चुकता झाला. २००० साली पहिली नोकरी लागली. पहिल्या दिवशी समोर सोलॅरिसचं यंत्र. मी झोकात प्रोग्राम लिहिला, सवयीने वरती 'कोनिओ डॉट एच' घेतली, पडदा पुसायला 'सीएलआरएससीआर', शेवटी थांबायला 'गेटसीएच'. कंपायलर म्हणाला अशी फाइलच नाही. मी शेजारच्याला म्हटलं, तुमच्या यंत्रात सी नीट बसवलेलं दिसत नाही! तो हसला नाही हे त्याचे उपकार. मग कळलं की मी चार वर्षं जे सी म्हणून शिकलो त्यातलं निम्मं सी नव्हतं, टर्बो सी आणि डॉस होतं. टर्बो सीमधे पूर्णांक दोन बाइटचा, इथे चार बाइटचा. बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढे गेलं की आकडा उलटा फिरतो हे मी निसर्गनियम समजत होतो. त्यात व्हीआय एडिटरमधून बाहेर कसं पडायचं ते येईना, म्हणून जेवणाच्या सुट्टीपर्यंत तसाच बसून राहिलो. बाण म्हणून एच, जे, के, एल ही बटणं का, याचा खुलासा पुढे कित्येक वर्षांनी वाचला: १९७६ मधे बिल जॉयने तो एडिटर ज्या टर्मिनलवर लिहिला त्याच्या त्याच बटणांवर बाण छापलेले होते. बस्स, एवढंच कारण! आपण त्यात केवढं तत्त्वज्ञान शोधतो.

म्हणून ठरवलं, घरी युनिक्स पाहिजे. घरी म्हणजे लिनक्स. इथे एका माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. अतुल चिटणीस. जन्म बर्लिनचा, शिक्षण बेळगावचं, कर्मभूमी बंगळूर. १९९६ पासून 'पीसीक्वेस्ट' मासिकाने त्यांच्या पुढाकाराने अंकाबरोबर लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. आज कुणाला यात काही विशेष वाटणार नाही. पण तेव्हा फोनवरून एवढं सगळं उतरवायचं तर महिना गेला असता आणि फोनचं बिल भरायला वावर विकावं लागलं असतं. मासिकाच्या किमतीत ते अकोल्याच्या बुकस्टॉलवर येऊन पडायचं. चिटणिसांशी भांडलेले लोकही पुष्कळ, माणूस फटकळ होता म्हणतात. पण माझ्या वयाच्या दहा लिनक्सवाल्यांना विचारा पहिली सीडी कुठली, अर्धेअधिक त्याच मासिकाचं नाव घेतील. त्यांनी बंगळूरला सुरू केलेलं संमेलनही पुढे फॉस डॉट इन म्हणून नावारूपाला आलं. २०१३ मधे ते गेले, एक्कावन्नाव्या वर्षी.

आता दादाची उधारी.

घरातला पहिला कॉम्प्युटर १९९९ मधे, तुरीची हिशेबपट्टी हातात आल्या आल्या घेतला. माझ्यासाठीच घेतला होता, पण मी पुण्याला गेल्यावर तो दुकानात गेला. मी दादाला फॉक्सप्रोमधे उधारीचा प्रोग्राम करून दिला होता. शेतकर्‍याचं नाव, गाव, खताच्या पिशव्या, बियाणं, फवारणीचं औषध, तारीख, बाकी. कृषी केंद्राचा धंदा सगळा उधारीवर, पैसे येणार माल विकल्यावर. "आता खतावणी कशाला लिहितो? बंद कर," असं मीच दादाला सांगितलं होतं. आणि त्याने माझ्यावर विश्वास ठेवून खतावणी बंद केली.

२००१ ची दिवाळी. मी पुण्याहून एका मित्राने कॉपी करून दिलेली लिनक्सची सीडी घेऊन आलो. सीडीचं नाव सांगत नाही, कारण चूक तिची नव्हती. तिने विचारलं, कुठल्या प्रकारे बसवू? वर्कस्टेशन, सर्व्हर की कस्टम? मला वाटलं सर्व्हर म्हणजे सगळ्यात भारी. खाली स्पष्ट लिहिलं होतं की सर्व्हर निवडलंत तर डिस्कवरचे सगळे जुने विभाग पुसले जातील. मी ते वाचलं नाही. इंग्रजी येत नव्हतं म्हणून नाही, घाई होती म्हणून. वीस-पंचवीस मिनिटांत ते बसलं, पडद्यावर तोच मामांच्या बँकेतला शब्द आला, 'लॉगिन', आणि मी आनंदाने ओरडलो. दादा आला आणि म्हणाला, "बरं झालं. आता आपली उधारी काढ, भाऊबीजेच्या आधी दोघा-तिघांकडे जातो."

पुढचं काय सांगू. दोन हंगामांची उधारी. दादा ओरडला नाही. उठला, दुकानातून एक कोरी वही काढली आणि आठवेल तेवढं लिहायला बसला. रात्रभर. नंतर महिनाभर गावातले लोक आपणहून येऊन सांगत होते, "माह्याकडं इतके होते, लिहून घ्या." ज्यांना घर चालवायची पंचाईत अशी माणसं आली. जे आले नाहीत त्यांची नावं दादाने मला कधी सांगितली नाहीत. माझ्याशी तो संक्रांतीपर्यंत बोलला नाही. आणि त्या दिवसापासून खतावणी परत सुरू झाली ती आजतागायत.

तर पुतण्या, तुझे बाबा मागून बोलले ते हे.

असो. तो कॉम्प्युटर मात्र मग लिनक्सचाच राहिला, कारण विंडोजची सीडी आमच्याकडे मूळची नव्हतीच! आणि मेडशीत लिनक्स चालवणं म्हणजे काय ते मी त्या दोन-तीन वर्षांच्या सुट्ट्यांत शिकलो. आतला मोडेम विंडोजशिवाय बोलायलाच तयार नाही, कारण त्याचं निम्मं काम विंडोजमधल्या सॉफ्टवेअरने करायचं असतं. भारनियमन तर विचारूच नका. वीज गेली की यंत्र धप्पकन बंद, आणि आली की लिनक्स आधी सगळी डिस्क तपासत बसायचं, कारण तेव्हाच्या एक्स्ट-टू पद्धतीत अर्धवट राहिलेलं काम कुठे लिहून ठेवलेलं नसायचं. तपासणी अर्ध्यावर असताना पुन्हा वीज जायची. २००१ च्या अखेरीस लिनक्सच्या मुख्य कर्नलमधे एक्स्ट-थ्री आलं. त्यात बदल करण्याआधी तो एका रोजकीर्दीत टिपून ठेवतात, म्हणजे वीज गेली तरी यंत्र उठल्यावर तेवढी रोजकीर्द वाचून मोकळं. मी हे दादाला समजावून सांगितलं तर म्हणाला, "म्हंजे त्यानंबी वही ठेवली." अगदी बरोबर. इतक्या कमी शब्दांत मला आजवर कुणी जर्नलिंग सांगितलेलं नाही.

दुसरा अडसर मराठीचा. आपण ब्लॉगवाले त्या काळात बरहा वापरून लिहायचो आणि ते विंडोजवर. कोड लिहायला लिनक्स, ब्लॉग लिहायला विंडोज, असा दोन बायका करून फजिती झाल्यासारखा माझा संसार बरीच वर्षं चालला. लिनक्सवर देवनागरी दिसायची, पण मोडकी. वेलांट्या भलतीकडे, आणि 'दुसर्‍या'मधला तो र तर कुठे उभा राहील सांगता यायचं नाही. मग २००४ मधे रेड हॅटने लोहित फाँट खुले केले. ते मुळात घडवले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, श्रीलिपीवाल्यांनी. जगभरच्या लिनक्सवर आपली अक्षरं दिसू लागली ती पुण्यातून गेलेल्या अक्षरांनी, हे किती जणांना माहीत आहे? ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात म्हणून मी बरीच वर्षं कुरकुर केली, पण कुरकुर करायला आधी अक्षर दिसावं लागतं.

२००५-०६ च्या सुमारास उबुंटूच्या सीडी फुकट घरपोच यायला लागल्या. नाव-पत्ता टाकायचा, बस्स. मी पत्ता मुद्दाम मेडशीचा टाकला. पाकीट परदेशातून आलं म्हणून पोस्टमन काकांनी दादाच्या हातात देताना विचारलं, "पोरगं बाहेर गेलं का?" दादाने सीडी उलटसुलट करून पाहिली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. :) २०११ मधे ती योजना बंद झाली. माझ्या मते पीसीक्वेस्टची सीडी आणि हे पाकीट, या दोन गोष्टींनी छोट्या गावांत युनिक्सच्या भावकीचा जेवढा प्रसार केला तेवढा कुठल्या अभ्यासक्रमाने केला नसेल. २००१ पासून गावोगावी एमएस-सीआयटी सुरू झालं आणि त्याने लोकांची कॉम्प्युटरची भीती घालवली हे खरंच, पण 'कॉम्प्युटर म्हणजे विंडोज' हेही तिथेच पक्कं झालं.

मोठ्या यंत्रांकडे पाहिलं तर तिथे केव्हाच निकाल लागला होता. डॉ. विजय भटकर आमच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. पुण्यात सीडॅक १९८८ मधे निघालं, 'परम ८०००' आला १९९१ मधे, ट्रान्सप्युटरवर बांधलेला, स्वतःचं वेगळं वातावरण घेऊन. १९९८ चा 'परम १००००' सोलॅरिसवर. २००३ चा 'परम पद्म' आयबीएमच्या एआयएक्स युनिक्सवर. आणि २००७ मधे पुण्यातच टाटांच्या 'एका' महासंगणकाने जगात चौथा नंबर पटकावला तो लिनक्सवर. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातले पहिले पाचशेच्या पाचशे महासंगणक लिनक्सवर चालतात. म्हणजे मेडशीच्या दुकानातला भंगारात जाऊ घातलेला सेलेरॉन आणि जगातलं सगळ्यात मोठं यंत्र यांवर तीच आज्ञा टाइप करायची. याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

राहता राहिलं विंडोज. त्यांनी आधी या भावकीला नावं ठेवली, आणि २०१६ मधे विंडोज १० च्या आत लिनक्सच्या आज्ञा चालवायची सोय स्वतःच केली. २०२० पासून तर त्यात खरा लिनक्स कर्नल असतो. त्यामुळे पुतण्याने विचारलेल्या प्रश्नाची धार आता उरलेली नाही. मॅक घे, त्यात युनिक्स आहे. विंडोज ठेव, त्यात लिनक्स आहे. त्याच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचा कर्नल आहे, आणि टर्मक्स नावाचं अ‍ॅप टाकून तो वर्षभरापासून फोनवरच शेल चालवतो हे मला नंतर कळलं! आम्ही ज्यासाठी उधारी उडवली ते हा पोट्टा पांघरुणात पडून करतो.

तरी उत्तर द्यायचं तर हे देतो. मॅक घेऊ नको, चांगलं असतं पण तुझ्या बाबांचं सोयाबीन तेवढं पिकत नाही, आणि अकोल्यात बिघडलं तर दुरुस्तीला भटकशील. साधा लॅपटॉप घे, पैसे वाचले तर मेमरी वाढव. पूर्ण डिस्कवर लिनक्स टाक. विंडोजच्या आतलं लिनक्स वाईट नाही, मी नोकरीत तेच वापरतो. पण शिकायच्या वयात काहीतरी बिघडायला हवं आणि ते आपल्यालाच उघडून बघावं लागायला हवं, ती सोय आतल्या लिनक्समधे कमी. कॉलेजात टर्बो सी लावलं तर तिथे त्यांचं ऐक, घरी जीसीसीवर तोच प्रोग्राम पुन्हा लिही आणि फरक वहीत टिप. मुंबई आयआयटीचे 'स्पोकन ट्यूटोरियल' आहेत, लिनक्सचे मराठीतूनही आहेत, फुकट आहेत. आणि लॅपटॉपवर विंडोज आधीच असेल तर पुसायच्या आधी त्यात कुणाचं काही नाही ना, ते दुकानातल्या प्रत्येक माणसाला विचार. दोनदा विचार.

हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं. लॅपटॉप आला, त्याने लिनक्स टाकलंही. दादा म्हणे शेजारी खुर्ची टाकून बसला होता आणि पडद्यावरचं प्रत्येक इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचायला लावत होता. परवा पुतण्याचा पुन्हा फोन: सगळं झालं, पण वाय-फाय दिसत नाही. चिप कुठली ते त्याला शोधता आलं, ड्रायव्हर मिळत नाहीये. शनिवारी मी मेडशीला निघालोय, ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेतलाय. दादाने निरोप दिलाय की येताना पुण्याहून एक चांगली जाड खतावणी आण, अकोल्याला मिळते ती आजकाल फार पातळ येते.